येसूबाईच्या खळ्यातली खुंटी

पेटी मांडीवर घेऊन सुका जीपमध्ये बसला की खोकायचासुद्धा नाही. जमिनीखाली तेल आहे का ते शोधणाऱ्या तुकडीत त्याला तेवढंच काम होतं, पेटी सांभाळायची. पेटीतलं यंत्र म्हणे जमीन किती जोराने ओढते ते मोजतं. काळ्या कातळाखाली हलका थर असला की ओढ कमी, असं तुकडीच्या देवतळे साहेबांनी त्याला दोनदा समजावलं होतं. सुकाच्या डोक्यात काही शिरलं नाही. भाताची गोण त्याला बोईसरला आणि पालघरला सारखीच जड लागे. पण पेटी आदळली की आकडा बिघडतो एवढं त्याला कळलं होतं, आणि सहा महिन्यांत त्याने ती एकदाही आदळू दिली नव्हती. पाड्यावर तो हे छाती काढून सांगायचा.

सकाळी बोईसरच्या बंगल्याच्या आवारात जमिनीत ठोकलेल्या खुंटीपाशी आकडा घ्यायचा, मग येसूबाई नावाच्या शेतकरणीच्या खळ्यातल्या खुंटीपाशी. दोन्हींतला फरक दर खेपेला तेवढाच यायला हवा. आठ दिवस एडवणकडे काम करून तुकडी परतली आणि त्या दुपारी खळ्यातला आकडा काही जुळेना. साहेबांनी तीनदा पाहिलं.

“कुठे आपटलीस?”

“नाय सायेब. कुठंच नाय.”

साहेबांनी वहीत तळाला एक ओळ लिहिली आणि सुकाला वाचता येत नाही म्हणून वाचूनही दाखवली: हमालाच्या हातून यंत्र आदळले. शनिवारपासून येऊ नकोस, असंही सांगून टाकलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण स्वतःच्या आकड्यांखेरीज त्याचा कशावरच विश्वास नव्हता.

आता घोळ बघा. संध्याकाळी बोईसरच्या खुंटीपाशी आकडा सकाळसारखाच आला. दुपारी बिघडलेली पेटी जीपमध्ये बसून आपोआप बरी होते का? साहेब खुंटीभोवती फेऱ्या मारत राहिले. चहा गार झाला. जमीनच बदलली की काय, असं ते पुटपुटले आणि स्वतःच दचकले. सुकाची अवस्था त्याहून वाईट. एखाद्या खड्ड्यात आपला डोळा तर लागला नव्हता ना? आपणच खोटं बोलतोय की काय, असं त्याला वाटायला लागलं आणि त्याला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खळं, आणि पुन्हा तोच चुकीचा आकडा. साहेब डोकं धरून जीपमध्ये जाऊन बसले. सुका येसूबाईच्या ओट्यावर टेकला. टेकला तो टेकलाच. पंधरा दिवसांपूर्वी इथेच बसून त्याने भाकर खाल्ली होती, तेव्हा पाय अधांतरी हलत होते. आज टाचा जमिनीला लागत होत्या. ओटा बसला, की आपण उंच झालो?

त्याने येसूबाईला विचारलं. ती सूप खाली ठेवून म्हणाली, गेल्या साली अवकाळी पाण्यात खळ्यातलं भात भिजलं, म्हणून औंदा, तुम्ही नव्हता तेवढ्यात, माती टाकून, चोपून खळं हातभर वर घेतलं.

“अन् खुंटी?”

“सायबाची खुंटी मी टाकीन का? दोरी धरून होती तिथंच लावली. कुंकूबी लावलंय.” मग तिचा चेहरा उतरला. “काय चुकलं का रं?”

साहेबांनी स्वतः कुदळ घेतली. सारवलेल्या खळ्यात हातभर खड्डा झाला, येसूबाई तोंडाला पदर लावून बघत राहिली. खड्ड्याच्या तळाशी पेटी ठेवली आणि आकडा तंतोतंत जुळला. जमिनीपासून हातभर उचललं तर ओढ तेवढी कमी होते, आणि पेटीला ते कळतं. साहेब लहान मुलासारखे हसले. वही उघडून त्यांनी कालचे आकडे खोडले, बाजूला नवे लिहिले, येसूबाईला खळं नीट करून द्यायचं कबूल केलं, आणि पेनाला टोपण लावून म्हणाले, “चल सुका, उचल पेटी. उद्याही ये, परवाही ये.”

सुकाला अक्षर येत नव्हतं, पण जागा लक्षात होती. त्याने वहीच्या तळाशी बोट ठेवलं.

“ही ओळ ऱ्हायली, सायेब.”

“अरे, ती कोणी वाचत नाही.”

“मंग लिवली कशाला?”

सुका पेटीशेजारी उभा राहिला. पेनाचं टोपण पुन्हा निघेपर्यंत त्याने तिला हात लावला नाही.