वीतभर खालचं कडं

मी नाचणगावच्या मैदानावरचं बास्केटबॉलचं कडं बोलतोय. तुम्ही मान वर करता, चेंडू टाकता आणि निघून जाता. आज जरा थांबा. एक गोष्ट पोटात ठेवून ठेवून मी गंजलो आहे.

जन्माने मी बैलगाडीच्या चाकाची धाव, चाकावरची लोखंडी पट्टी. चाक मोडलं, लाकूड चुलीत गेलं आणि माझं लोखंड कवडू लोहाराच्या भात्यापुढे आलं. कवडू अंगाने बुटका, पण त्याच्या हातोड्यापुढे लोखंडाचा हट्ट चालत नसे. एकाच धावेतून त्याने दोन कडी काढली, एक मी आणि दुसरा समोरच्या खांबावरचा माझा भाऊ. हे १९५२ सालचं.

खेळाचं वेड नानाजींचं. शेजारच्या पुलगावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. वर्ध्याला शिकताना हा खेळ त्यांच्या डोक्यात शिरला, तो काही निघाला नाही. पुस्तकात लिहिलं होतं, कडं जमिनीपासून दहा फूट. दिवसभर गजाने कापड मोजणारा माणूस, पण खांब उभा करायच्या दिवशी गज नेमका दुकानात राहिला. नानाजी म्हणाले, "दीड फुटाचा एक हात. पावणेसात हात धर, कवडू." कवडूने कोपरापासून बोटापर्यंत हात टाकत खांब मोजला. बुटक्या माणसाचा हातही आखूडच. मी आणि माझा भाऊ, दोघंही वीतभर खाली ठोकले गेलो, आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही.

कवडूसारखा चेंडू टाकणारा मी दुसरा पाहिला नाही. त्याचा चेंडू मला न शिवता आरपार जाई. आर्वीचे, हिंगणघाटचे संघ इथून हात हलवत परत गेले. पण नागपूरच्या स्पर्धेत आमची पोरं दोन वर्षं शेवटच्या सामन्यात हरली. संध्याकाळी माझ्याखाली बसून ती सांगत, चेंडू कड्याच्या पुढच्या काठावरच आपटतो.

"आपल्याले कड्याखाली उभा राहणारा उंच सेंटर पाह्यजे," नानाजींनी निकाल दिला. "त्याच्याबिगर कप भेटत नाई."

"कडं त उंच माणसाले बी तेवढंच अन् मले बी तेवढंच हाये न, नानाजी?" कवडू म्हणाला. सगळे हसले.

पुढे तळेगावच्या बाजारात नानाजींना मंगरू दिसला. जंगलात लाकूड तोडणारा गोंड गडी, खाली उभं राहूनच ट्रकच्या टपावर बांबूचे भारे ठेवत होता. नानाजींनी त्याला गिरणीत हमालीचं काम लावून दिलं आणि संघात घेतलं. खेळणाऱ्या पाचांत जागा करायची म्हणून कवडूला बाहेर बसवलं. चेंडू कसा धरायचा ते मंगरूला कवडूनेच शिकवलं, एवढं मी त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

मंगरूने छोटीशी उडी घेतली की त्याची बोटं मला लागत. शिंक्यावर गाडगं ठेवावं तसा तो चेंडू माझ्यात ठेवी. बाकीच्यांनी पळणं सोडलं, चेंडू मिळाला की मंगरूकडे. गाव खुळावलं. खरं सांगतो, मीही खुळावलो होतो.

१९५५ला नागपूरला संघ सहा गुणांनी हरला. मंगरूचे चेंडूही काठावरच आपटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानात सगळ्यांसमोर नानाजींचा तोल सुटला. "ताडासारखा वाढला, अन् एक चेंडू ठेवता येत नाई तुले?"

मंगरू माझ्याखाली आला. उडी घेतली, मला बोटं लावली आणि खाली उतरून म्हणाला, "नानाजी, हे कडं खाली हाये. नागपूरचं वीतभर वर होतं. तेवढीच उडी मारली, हात नाई पोचला."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" नानाजी म्हणाले. पुन्हा सगळे हसले.

कवडू हसला नाही. तो आपल्या कोपराकडे बघत राहिला. मला वाटलं, आता बोलेल. मला स्वतःला ओरडावंसं वाटलं, पण लोखंडाला तोंड कुठलं?

"मी खोटं नाई बोलत," मंगरू म्हणाला. चेंडू त्याने हळूच खाली ठेवला आणि तो गेला. गिरणीतही परत आला नाही. कवडूची जागा कवडूला मिळाली.

तीन वर्षांनी शाळेत नवे मास्तर आले, टेप घेऊन. मला मोजलं तर नऊ फूट दोन इंच. नानाजी तिथेच मातीत बसले.

"कवडू, तुले माहीत होतं काय?"

"मंगरू बोलला त्याच सांजेले समजलं होतं. माह्याच हातानं मोजलं होतं न."

"मंग बोलला काऊन नाई?"

कवडूने मान खाली घातली. "मले परत संघात खेळाचं होतं, नानाजी."

नानाजी त्याला रागावले नाहीत. रागावणार कोणत्या तोंडाने? दुसऱ्या दिवशी कवडूनेच मला आणि माझ्या भावाला वर चढवलं, या खेपेला टेपने मोजून. नानाजी चार बाजार तळेगावला जाऊन आले. मंगरू कामाला दूर कुठेतरी गेला, एवढंच कळलं.

आता मी बरोबर दहा फुटांवर आहे. तो संघ मोडला, पोरं आपापल्या कामाला लागली. कप जिंकायला उंच सेंटर लागतोच का, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. आमच्याकडे एक होता. त्याला आम्ही खऱ्या उंचीवर एकदासुद्धा खेळू दिलं नाही.

तुम्ही कधी तळेगावच्या बाजाराला गेलात आणि खाली उभं राहून ट्रकच्या टपावर भारे ठेवणारा माणूस दिसला, तर त्याला माझा निरोप द्या. म्हणावं, मंगरू, तुझंच खरं होतं. कडं खालीच होतं.