अक्षरांची फ्लॉपी

मी लिहाय-वाचायला शिकलो तेव्हा डोक्यावरचे अर्धे केस गेले होते. शिकवणारी होती माझ्या धाकट्या भावाची मुलगी जागृती, आणि ती तेव्हा चौथीत होती. ‘क’चं पोट भलत्या बाजूला काढलं की ती माझ्या बोटांवर पट्टी मारायची. दिवसभर सुरतेत कापडाच्या लूमवर मुकादमाला उलट बोलणारा मी, तिच्यापुढे मात्र “चुकलं बाई” म्हणायचो.

पुढे जागृती उधन्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली आणि मी कामावरून निवृत्त होऊन सगळ्यांना शिकवायला लागलो. वर्तमानपत्र दारात बसून मोठ्याने वाचायचो. ज्याला ऐकायचं नव्हतं त्यालाही ऐकवायचो.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या जयंतीच्या आधीची. दरवर्षी जयंतीला आमच्या वस्तीतल्या विहाराची स्मरणिका निघते. तिच्यात अध्यक्षांचा फोटो असतो, माजी अध्यक्षांचा असतो, आणि ज्यांना अध्यक्ष व्हायचंय त्यांच्या जाहिराती असतात. त्या वर्षी माझी बायको सोनाबाई अडून बसली. विहार बांधताना रेतीची घमेली बायकांनी वाहिली होती, पण दाराच्या पाटीवर सगळी नावं पुरुषांची.

“यंदा आम्हना नावे छापा,” ती म्हणाली. “उषाबाई तं मरी गयी. आखो कितली वाट देखानी?”

मग तिने सांगितलं आणि मी लिहिलं. कोण कुणाच्या पोराला झोळीत टाकून रेती वाहायला यायची, कोण गाणं म्हणायची, कोण घमेलं टाकून आधी भांडायची. “मी सांगस तसंच लिखा,” असं ती दर ओळीला बजावत होती. मी तसंच लिहिलं.

मंडळाचा सेक्रेटरी प्रफुल्ल याने माझा कागद पाहिला. तो पर्वत पाटियाला एका साडीवाल्या शेठकडे हिशेब लिहितो. मनाने चांगला आहे, पण जीभ सुरती, फटकळ.

“काका, आ तो कीडी-मकोडा छे,” तो म्हणाला. “मुंग्या-किडे चालल्यासारखं दिसतं. प्रेसवाला पळून जाईल. टाईप करून आणा. शनिवारी संध्याकाळी शेवटची पानं छापायला घेणार. चुकलं तर पुढच्या वर्षी.”

पुढच्या वर्षापर्यंत आणखी कोणकोणत्या बायका राहतील, हे सोनाबाईने मला विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं.

जागृतीने तिच्या क्लासमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर मराठी लिहायचा प्रोग्रॅम घातला आणि पान टाईप केलं. काळ्या पडद्यावर सोनाबाईचे शब्द हिरवेगार उमटले, तेव्हा मी क्लासमधल्या सगळ्या पोरापोरींना बोलावून दाखवले. पण तिथला प्रिंटर बिघडला होता. चांगला प्रिंटर होता प्रफुल्लच्या शेठच्या ऑफिसात.

“तिथलं मशीन वेगळ्या जातीचं आहे, मोठे बाबा,” जागृती म्हणाली. “त्यात पडद्यावर खिडक्या उघडतात. तिथे प्रोग्रॅम पुन्हा चढवावा लागेल.”

चढवणं हा शब्द ऐकला आणि माझी छाती फुगली. जन्मभर मी लूमवर सूत गुंडाळलेले जड रूळ, म्हणजे बीम, चढवले. एका लूमचा बीम दुसऱ्या लूमवर बसेलच असं नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. “तू तुझा क्लास घे,” मी म्हटलं. “मी चढवतो.”

तिला माझी काळजी वाटली असावी, कारण प्रत्येक फ्लॉपीवर तिने मराठीत चिठ्ठी चिकटवून दिली. ‘पहिली’, ‘दुसरी’, ‘अक्षरे’, आणि ‘मोठ्या आईचं पान’. “मशीनने काही विचारलं की हो म्हणायचं,” ती म्हणाली. “हो कुठे लिहिलेलं असतं ते या कागदावर काढून दिलंय.”

शनिवारी दुपारी शेठ जेवायला घरी गेले होते. प्रफुल्लने मला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि तो खाली गोदामात माल मोजायला गेला. मी पहिली फ्लॉपी घातली. आतून लूमला धागा अडकावा तशी करकर आली. मशीनने इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो. इतकं विचारून-विचारून माझ्याशी आजवर कुणी वागलं नव्हतं. मला ते मशीन फार आवडलं.

दुसरी फ्लॉपी झाली. मग हातात आली ‘अक्षरे’.

मी ती उलटसुलट करून पाहिली, आणि रागच आला. अजून ही पोरगी मला अक्षरं शिकवणार? एवढी वर्षं वर्तमानपत्र वाचतोय, सोनाबाईचं अख्खं पान लिहिलंय, तरी हिच्या लेखी मी अजून पाटी-पेन्सिलवालाच? बाराखडीची फ्लॉपी दिली बरोबर, विसरलो तर उजळणी करायला! मी ती शर्टाच्या खिशात टाकली आणि सरळ ‘मोठ्या आईचं पान’ घातलं.

पान उघडलं. मला एक अक्षर वाचता येईना.

शिरोरेघ कुठेच नव्हती, म्हणून आधी वाटलं शेठचं मशीन आहे, त्याने गुजरातीत लिहिलं असेल. पण बसच्या पाट्या वाचून-वाचून गुजराती मला थोडीफार येते. ही गुजराती नव्हती. अक्षरांच्या डोक्यांवर टोप्या होत्या, पोटाखाली शेपट्या होत्या, मध्येच कंस, मध्येच टिंबं. मी चष्मा पुसला. मग हळूच एक विचार आला. माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फार, हे सगळी वस्ती जाणते. तेव्हा या महाग मशीनने ते पान शुद्ध करून टाकलं असणार. इतकं शुद्ध, की ते वाचायची माझी लायकी राहिली नाही.

“काका, आव्युं के? आलं का?” प्रफुल्ल खालून ओरडला.

“आव्युं, आव्युं!” मी वरून ओरडलो, आणि छपाईचं बटण दाबलं.

प्रेस होती कतारगामला. पण आधी घरी गेलो, कारण मिरवायचं होतं. सोनाबाई आणि शेजारची छाया ओट्यावर बसल्या होत्या. छायानेही तेव्हा रेती वाहिली होती. मी कागद हातभर लांब धरला आणि वाचायला लागलो. म्हणजे पान मला पाठ होतं, ते म्हणायला लागलो. उषाबाईचं नाव आलं तेव्हा छायाने पदर डोळ्याला लावला.

“भाऊ काय झरझर वाचतात!” ती म्हणाली.

सोनाबाईने कागद मागून घेतला. तिला वाचता येत नाही. पण स्वतःचं नाव लिहिता येतं, ते मीच शिकवलंय. ती कागदावर वरून खालपर्यंत बोट फिरवत गेली, मग खालून वरपर्यंत.

“मन्हं नाव कोठे शे?”

“खाली बघ. मशीनचं वळण वेगळं असतं.”

“मन्हा नावनं वळण मशीन कसाले बदली?” तिने कागद माझ्या नाकासमोर धरला. “तुम्हले तरी वाचता येस का हाई?”

छायाने पदर डोळ्यावरून तोंडावर नेला. ती हसत होती.

तेवढ्यात क्लास सुटून जागृती आली. कागद पाहून ती ओट्यावर खालीच बसली.

“मोठे बाबा, अक्षरं टाकली नाहीत का?”

“मला येतात अक्षरं!” मी म्हटलं.

“तुम्हाला येतात. मशीनला कुठे येतात? त्याला ती द्यावी लागतात!”

मी खिशातून फ्लॉपी काढली. माझ्या छातीच्या उबेने ती गरम झाली होती.

शेठचं ऑफिस एव्हाना बंद झालं होतं. राहिली ती कतारगामची प्रेस. आम्ही दोघं रिक्षात बसलो, तर सोनाबाईही चढली. “मी येस,” ती म्हणाली. माझ्यावर एकट्यावर ती आता काही सोपवणार नव्हती.

प्रेसचे मालक छगनभाई. त्यांचं मशीन तिसऱ्याच जातीचं, परदेशातून आणलेलं, देखणं. जागृतीने त्यात अक्षरांची फ्लॉपी घातली. पडद्यावर एक चौकट आली.

“काय म्हणतंय?” मी विचारलं.

“म्हणतंय, ही फ्लॉपी मला वाचता येत नाही. पुसून कोरी करू का?”

दुपारपासून माझ्या बोटाला हो म्हणायची सवय लागली होती. ते आपणहून पुढे गेलं. जागृतीने फाटकन माझ्या बोटावर मारलं, थेट चौथीतल्यासारखं.

“चुकलं बाई,” माझ्या तोंडून निघून गेलं.

मी त्या मशीनकडे पाहत राहिलो. वाचता येत नाही, असं ते चारचौघांत सरळ सांगून मोकळं झालं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी केवढी धावपळ करून ठेवली होती.

छगनभाईंनी मान हलवली. “आ मशीनमां नहीं चाले, बेन. हाथे लखेलुं होय तो लावो, एनी ज प्लेट बनावी दउं.”

हाताने लिहिलेलंसुद्धा जसंच्या तसं छापता येतं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सेक्रेटरीलासुद्धा नाही.

त्यांनी पांढरा कागद आणि काळ्या शाईचं पेन दिलं. आधीचा कागद घरीच राहिला होता, पण पान पाठ होतंच. मी टेबलावर वाकून लिहायला लागलो. एका बाजूला जागृती उभी, दुसऱ्या बाजूला सोनाबाई, आणि मशीन गार बसलेलं. मुंग्या-किडे ओळीने चालले. शेवटी सोनाबाईने पेन घेतलं आणि खाली आपलं नाव स्वतः लिहिलं. सगळ्या पानात तेवढंच अक्षर नीट आलं.

जयंतीला स्मरणिका वाटली. छापील सुबक पानांच्या मध्ये माझं पान असं दिसत होतं, जसा लग्नात कुणी लूमवरून उठून आलेला माणूस. बायका विहाराच्या पायरीवर गोळा झाल्या. मी घसा खाकरला, पान हातभर लांब धरलं.

“भाऊ, थांबा,” छाया म्हणाली. तिने पान माझ्या हातातून काढून जागृतीकडे दिलं. “आधी हिला बघू दे.”

जागृतीने एकेकीचं बोट धरून तिच्या-तिच्या नावावर ठेवलं. उषाबाईचं नाव तिने दाखवलं, त्यावर सोनाबाईने आपलं बोट ठेवलं.