दोराचा आलेख

मी आलेख बोलतोय. एका पानाचा, एका रेघेचा, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेला. माझ्याकडे बघून लोक मान डोलावतात आणि पुढे जातात; वाचणारे फार थोडे. म्हणून म्हटलं, आपलं आपणच सांगावं.

माझा जन्म गोरेगाव या आमच्याकडच्या छोट्या गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये झाला. मला घडवलं नितानं. ती जवळच्या तांड्यावरची, बी.ए. करते. तांड्याला विहीर एकच. उन्हाळ्यात टँकर मागायचा तर ग्रामसभेत काहीतरी पुरावा दाखवावा लागतो, तोंडी सांगण्याला कोण विचारतं? नितानं युक्ती काढली. तिची आई मिराबाई, जिला ती याडी म्हणते, रोज पाणी शेंदते. बादली पाण्याला टेकेपर्यंत दोर किती हात आत गेला ते याडी सांगायची आणि निता मोबाईलमध्ये टिपून घ्यायची. पुढे ते आकडे एक्सेलच्या रकान्यांत भरले, निवडले, रेघेच्या चित्रावर टिचकी मारली आणि मी उभा राहिलो.

काय ऐट होती माझी त्या दिवशी. डावीकडून निघालो तो थेट वरच्या उजव्या कोपऱ्यात. निता खूश, क्लास चालवणारे अनिरुद्ध सर खूश, मी तर हवेतच. वर जाणाऱ्या रेघेचं सगळीकडे कौतुक होतं, एवढं मला उपजतच ठाऊक होतं.

ग्रामसभेत टँकर एक आणि मागणाऱ्या वस्त्या दोन. ग्रामसेवकांनी मला हातात घेतलं, चष्मा सारखा केला.

"निता, तुमच्या विहिरीचं पाणी तर वाढून राहिलं. मग टँकर काहून पाहिजे?"

लोक हसले.

"साहेब, ते पाणी न्हाई, दोर हाय," निता म्हणाली. "दोर जास्ती गेला म्हणजे पाणी खाली गेलं."

"मग रेघ वर काहून चालली?"

टँकर दुसऱ्या वस्तीला गेला. तांड्याची विहीर तळाला लागली तशी याडी लांबच्या मळ्यातून भर उन्हात हंडा आणायला लागली. मी निताच्या पिशवीत घडी होऊन पडलो होतो. मला फार वाईट वाटलं. माझा एकही आकडा खोटा नव्हता, तरी त्या बाईच्या डोक्यावर हंडा चढला होता.

निता पुन्हा क्लासमध्ये आली. अनिरुद्ध सरांनी आकडे एकेक करून तपासले, मग म्हणाले, "आकडे बराबर आहेत. उभा अक्ष उलटा करून बघ."

तिनं अक्षावर टिचकी मारली, उलट्या क्रमाची खूण केली आणि मी डोक्यावर आपटलो. शून्य वर, विहिरीच्या काठाशी, आणि माझी ऐटबाज रेघ घसरत पार खाली. क्षणभर लाजच वाटली. घरी याडीनं माझ्यावरून बोट फिरवत नेलं आणि म्हणाली, "हां. असाच जातो दोर."

मला ओळखणारं पहिलं माणूस तेच.

पुढच्या सभेत ग्रामसेवक हसले नाहीत. "पाणी तर तळाला गेलं," ते हळूच म्हणाले.

"तेच सांगून राहिले होते, साहेब."

त्यांनी तांड्यालाही टँकर लावला आणि मला स्वतःच्या हातानं भिंतीवर चिकटवलं. भला माणूस. वाचायला चुकला होता, इतकंच.

इकडे टँकर विहिरीतच रिकामा करतात. निता दर आठवड्याला येऊन माझ्यावर पेनानं नवा ठिपका देते. टँकर सुरू झाल्यावरचा पहिला ठिपका टुणकन वर गेला. शेजारी उभे असलेले पंच दगडोबा म्हणाले, "पाणी आलं की. आता टँकर बंद केला तरी चालंल."

बाबांनो, रेघ वर गेली का खाली गेली ते नंतर बघा. आधी विचारा, काय मोजलंय.

निता त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. तिनं लाल पेन काढला आणि त्या ठिपक्याशेजारी ठळक अक्षरांत लिहिलं : 'हे पाणी टँकरचं आहे. विहीर कोरडीच आहे.'

दगडोबांनी ते दोनदा वाचलं. टँकर अजून चालू आहे.