वहिनीच्या हातातला साप

वहिनीच्या शिलाईच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कापायच्या टेबलावर चढून लोक बघत होते. वहिनी खुर्चीत, उजवी बाही वर सरकवलेली. कोपराखाली कातडीच्या आत काहीतरी नागमोडी टुकटुक उडत होतं.

"सर्प!" आईने बोलावलेले महाराज गरजले. "शीर कधी उडते का, सांगा!"

सगळ्यांनी आपापले हात पाहिले. हिरव्या शिरा गप्प पडलेल्या.

"आता झोपवतो." महाराजांनी तिचा दंड आतून घट्ट धरला, पुटपुटले. उडणं थांबलं! हात सोडला, साप जागा!

"काढा हो तो!" माझी आई रडत म्हणाली. "सुनेचा हात वाचवा."

महाराजांनी पातं काढलं आणि मंतरायला घेतलं.

"आई, हा माणूस हात कापणार आहे!" मी ओरडलो.

"गप्प बस. चार बुकं वाचलीस म्हणून शहाणा झालास?"

स्वतःच्या घरात माझं कुणी ऐकेना. धावत जाऊन शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना अक्षरशः ओढून आणलं.

"पातं खाली ठेवा. ही धमनी आहे."

"म्हणजे शीरच ना?" आईने विचारलं.

"तिथेच तर घोळ होतो, काकू! आपण सगळ्यालाच शीर म्हणतो. हिरवी दिसते ती नीला, ती उडत नाही. धमनी हृदयाच्या ठोक्याबरोबर उडते. बहुतेकांची ती खोल असते, हिची जन्मापासून वर आहे, बाहीखाली कुणाच्या लक्षात आली नसेल. असते काहींची." बाईंनी वहिनीचा दंड तसाच दाबला. "बे एके बे, बे दुणे चार..."

साप झोपला.

"बघा, पाढ्यालाही झोपतो! रक्त अडवलं की झालं."

महाराज चिडले. "ही दैवी..."

"पातं चाललं असतं तर रक्ताची चिळकांडी उडाली असती. मग काय झोपवणार होतात?"

वहिनीने स्वतःच दंड दाबला. सोडला. "अगंबाई, माझंच रक्त!"

"हो. पण जप. शीर समजून कुणी यात इंजेक्शन दिलं तर रक्त अडून बोटं काळी पडतील. सलाईन असो, ऑपरेशन असो, आधी सांगायचं."

गर्दी पांगली. "छ्या, मजा गेली," एकजण जाताना म्हणाला. वहिनीचा हात वाचला आणि ह्यांची मजा गेली! काय बोलायचं अशांना?

अरे, माणसं साच्यातून काढलेली नसतात. कुणाची धमनी वर, कुणाची खाली. वेगळं दिसलं की आधी विचारा, तपासा. पात्याखाली हात देऊ नका.

आईने भीतभीत वहिनीच्या हातावर बोट ठेवलं.

"म्हणजे हे थांबवायचं नाही? उडायलाच हवं?"

"उडायलाच हवं, आई."