रिकाम्या जात्याची घरघर

मित्रांनो, मी वाळवंटाकाठच्या मत्माता गावातले एक जुने जाते आहे. जात्याला दोन दगडी तळ्या असतात, एक खुंटा असतो, पण पोट नसते. आजवर मी जे खाल्ले ते सगळे दुसऱ्यांच्या पोटासाठी. एवढे एक सुख जात्याच्या वाट्याला येते, आणि तेच माझ्याकडून हिरावले गेले. कसे, ते सांगते.

डोंगरउतारावरच्या एका करड्या धोंड्यातून पाथरवटाने मला अकरा दिवसांत घडवले. मध्ये खीळ बसवली, ऑलिव्हच्या लाकडाचा खुंटा ठोकला आणि गाढवावर लादून हद्दा नावाच्या बाईकडे पोहोचवले. आमच्याकडची जुनी घरे जमिनीखाली असतात. वरून पाहिले तर नुसता मोठा खड्डा. त्याच्या तळाशी अंगण आणि अंगणाभोवती मातीत कोरलेल्या खोल्या. त्यातल्या एका खोलीच्या कोनाड्यात मला जागा मिळाली.

हद्दा दर आठवड्याला बसीसा करायची. आधी जव भाजायचे, मग हरभरे, मग मेथी, धने आणि चिमूटभर बडीशेप. सगळे भाजून झाले की माझ्या तोंडात एकेक घास पडे आणि खमंग वास खड्ड्याच्या काठापर्यंत चढे. ते भरड पीठ ऑलिव्हच्या तेलात कालवायचे, वर दोन खजूर ठेवायचे, की झाली न्याहारी. हद्दाचा मुलगा अमारा घरे खोदायचे काम करी. पहाटे एक वाडगा बसीसा खाऊन तो कुदळ उचले, ती थेट दुपारी खाली ठेवी. शेजारणी आपले जव घेऊन माझ्याकडे येत आणि म्हणत, हद्दाच्या जात्याचे पीठ जिभेवर रवाळ लागते. ही स्तुती ऐकून माझी वरची तळी हलकी होई.

अमाराचे लग्न झाले आणि सालहा घरात आली. हद्दाने तिला माझ्यासमोर बसवून शिकवले.

"घास लहान घाल, पोरी. जात्याला ठसका लागला की पीठ कच्चं राहतं."

सालहा शिकली. हद्दा गेल्यावर बरीच वर्षे तिने मला उपाशी ठेवले नाही.

मग नवे गाव वसले. सरळ भिंती, नळ, फ्रीज. अमाराने खड्ड्यातले घर विकले आणि दोघे वर राहायला गेली. मलाही भाजीच्या गाडीतून नेले. पण नव्या घरात न्याहारीला पाकिटातली बिस्किटे, पांढरा पाव आणि डब्यातला जॅम आला. मला गॅलरीत टाकून माझ्यावर गॅसचे सिलिंडर ठेवले. सात वर्षे मी ते लोखंड डोक्यावर वागवले.

एके दिवशी लामीन आला; त्याला सगळे आदराने सी लामीन म्हणत. जुने खड्डे विकत घेऊन त्याने पर्यटकांसाठी हॉटेल काढले होते. त्याने मला चाळीस दिनारांना घेतले. जाताना सालहाकडे पाहून म्हणाला, की जात्यामागे बसायला एक बाईही लागेल. अमाराचे खोदकाम तेव्हा बंदच पडले होते, म्हणून सालहा हो म्हणाली. आम्हां दोघांना त्याने नेले कुठे, तर हद्दाच्याच घरात, त्याच कोनाड्यात. मला वाटले, आपण घरी आलो.

पण दुसऱ्याच दिवशी माझी खालची तळी सिमेंटमध्ये पक्की बसवली गेली, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. सालहाला लाल लुगडे आणि चांदीसारखे दिसणारे दागिने मिळाले. आणि सी लामीनने एक नियम घालून दिला. जात्यात धान्य टाकायचे नाही. पीठ सांडले की मुंग्या येतात, गालिचे खराब होतात. पाहुण्यांनी फोटो काढायचा म्हटले की नुसते फिरवायचे.

मित्रांनो, रिकामे जाते दळत नाही. ते स्वतःलाच खाते. दगडावर दगड घासायचा आणि त्याची करडी धूळ सालहाच्या लाल लुगड्यावर बसायची. नऊ वर्षे हे चालले. ज्या घरात ती मालकीण म्हणून राहिली, तिथे ती आता पगारी शोभेची वस्तू होती, आणि मी तिच्यासमोर सिमेंटात रुतलेले. समोरच्या खोलीत पाहुण्यांची न्याहारी मांडत. दारावर पाटी होती: "घरची न्याहारी, हाताने दळलेली." टेबलावर मात्र पाकिटातला जॅम, रंगीत सरबत आणि आत चॉकलेट भरलेले मऊ पाव. उरलेले पाव स्वयंपाकघरातली नजिया पिशवीत भरून सालहाला देई. फेकायचे कशाला, अमाराला गोड आवडते, असे ती प्रेमानेच म्हणे.

एका सकाळी सालहाने ती पिशवी घेतली नाही. माझ्याजवळ बसून ती नजियाला हळू आवाजात सांगत होती. अमाराला साखरेचा आजार आधीपासून होता. आता पायाची जखम भरत नव्हती. गाबेस शहरातल्या इस्पितळात एक बोट कापावे लागले. तो सकाळी काय खातो, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले, तेव्हा तिने खरे ते सांगितले. बाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, आता औषधाबरोबर खाणेही बदला. पाकिटातले सगळे बंद करा, तुमच्याकडे पूर्वी जव-हरभऱ्याचे भरड पीठ करत ते द्या, तेही खजुराशिवाय.

"नऊ वर्षं रोज संध्याकाळी मीच नेत होते गं ते," सालहा म्हणाली. "माझ्या या हातांनी."

 नजियाने पिशवी उचलून आत नेली.

सालहाने घरी प्रयत्न केला होता. नव्या गावातली गिरणी मैद्यासारखे बारीक दळी, आणि विजेवर वाटायचे भांडे भाजलेल्या जवांनी जळून गेले. आणि इकडे ती दिवसभर माझा खुंटा धरून बसत होती.

दुसऱ्या दिवशी तिने शालीखाली मूठभर भाजलेले जव आणले. पाहुणे फोटो काढत असताना तिने हळूच एक घास माझ्या तोंडात सोडला. सोळा वर्षांनी माझ्या जिभेला धान्य लागले! पण मला ते दळता येईना. माझे दात झिजून गेले होते. जव नुसते घसरत बाहेर पडले, आणि त्यांत माझ्याच दगडाची कचकच मिसळली होती. सालहाने चिमूट तोंडात टाकली, थुंकली आणि बराच वेळ माझ्यावर हात ठेवून बसली. लाजेने मी आणखी खोल रुतले.

पण तिने मला सोडले नाही. अमाराला दगडाची जाण होती. त्याने घरी बसल्या बसल्या तिला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने दगडाला खाचा पाडायला, शिकवले, एका फुटक्या फरशीवर. चार दिवसांनी दुपारी, पाहुणे जेवायला गेल्यावर, ती छिन्नी-हातोडी घेऊन आली. नजियाच्या मदतीने तिने माझी वरची तळी उलटी केली आणि ठोके घालू लागली. मित्रांनो, टाकीचे घाव सोसायला कठीण असतात. मला मात्र प्रत्येक घावाबरोबर एकेक नवा दात उगवत असल्यासारखे वाटत होते. दोन्ही तळ्या झाल्या, धुऊन पुसल्या, आणि पहिला घास पडणार इतक्यात सी लामीन दारात उभा राहिला.

"ही छिन्नी कुणी आणायला सांगितली?"

"कुणी नाही, सी लामीन. दगड गुळगुळीत झालाय. टाकी लावल्याशिवाय दळत नाही."

"दळायला ठेवलंय का ते? दाखवायला ठेवलंय. आणि तुलाही."

सालहाने हातावरची धूळ झटकली. "मग पाटीवर तसं लिहा," ती म्हणाली. "तिथं हाताने दळलेलं म्हटलंय."

त्याच संध्याकाळी तिने लाल लुगड्याची घडी करून माझ्यावर ठेवली आणि ती पायऱ्या चढून गेली. तिच्या जागी सिहाम नावाची तरुण मुलगी आली. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात खुंटा. आता मला नवे दात होते आणि चावायला काही नव्हते. धारदार दगड धारदार दगडाला जास्तच खातो. महिनाभर मी रोज स्वतःचे नवे दात चावत होते. सुटायचे म्हटले तर अंगाभोवती सिमेंट, आणि ओरडायचे म्हटले तर लोकांना माझी घरघर ऐकायला आवडायची.

मग एका गुरुवारी सालहा आली. अंगावर तिचे रोजचे कपडे, काखेत पिशवी. सी लामीन लगबगीने पुढे झाला. तिने त्याच्या हातावर एक कागद ठेवला.

"हे काय?"

"तिकीट. बारा दिनार दिलेत. वर फाटकावर लिहिलंय, तिकिटात चहा आणि जात्यावर बसायला मिळतं."

सी लामीनने तिकीट उलटेसुलटे करून पाहिले. आसपास वीसेक पाहुणे उभे होते. "चहा घे," तो शेवटी म्हणाला.

"नको. त्यात साखर असते. मी जात्यावर बसते."

सिहाम उठून बाजूला झाली. सालहाने पिशवी सोडली. जव, हरभरे, मेथी, धने, सगळे घरून भाजून आणलेले. तिने पहिला घास घातला आणि खुंटा ओढला. मी दळले, मित्रांनो. कडेने पिवळसर भरड पीठ झरू लागले, तसे फोटो काढणारे हात खाली आले. एका पाहुण्याने चव मागितली, तर तिने चिमूटभरच दिले. बाकीचे मोजूनमापून आणले आहे, असे तिने सांगितले.

वर, खड्ड्याच्या काठावर, काठी टेकून अमारा बसला होता. त्याला उतरता येत नव्हते, पण ऐकू येत होते.

"बारीक होतंय," तो वरून म्हणाला. "घास मोठा घाल."

"तुम्ही बसा गप्प," सालहा खालून म्हणाली. "मला शिकवलंय तुमच्या आईनं."

आता ती महिन्यातून दोन गुरुवारी येते, दर वेळी तिकीट काढून. अमाराची जखम भरली, असे ती सिहामला सांगत होती. गेलेले बोट काही परत येणार नाही.

मित्रांनो, माझे सिमेंट कुणी फोडलेले नाही आणि फोडणारही नाही. माझे मागणे एवढेच आहे. तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद असेल, जाते, खल, पाटा, तर त्याला घासूनपुसून शोभेला मांडू नका. त्याला टाकी लावा, मूठभर दाणे घाला, आणि सकाळी घरच्यांच्या ताटात काय पडते ते एकदा नीट पाहा. अडकून पडणे एक वेळ सोसते. रिकामे फिरणे सोसत नाही.

आज शनिवार आहे. पाहुण्यांची पहिली गाडी वर येऊन थांबली आहे, आणि सिहाम लाल लुगडे सावरत माझ्याकडे येते आहे.