उलट्या बाळाचा कागद

सुगंधाला मुलगी झाली, उलटी जन्मली, आणि दोघी सुखरूप आहेत. पण हे झालंच नाही असं धरून पुढे जाऊ. घाटाखालच्या आरोग्य केंद्रानंही तसंच धरलं होतं. संमतीच्या कागदावर सही नव्हती.

पहाटेपासून कळा सोसून सुगंधा दमली होती. त्याहून जास्त ती ऐकून दमली होती. डॉक्टर म्हणत, बाळाचं डोकं वर आहे, जीपनं घाट चढून कोल्हापूर गाठू, सिझर करू. सासू रुक्मिणी म्हणे, "पोट चिरून काढलास तर पायाळू कसो होतलो? पाय आदी येवक नको?" पायाळूची लाथ बसली की कंबरेतली उसण उतरते, अशी गावाची खात्री. त्यामुळे व्हरांड्यात कंबर धरलेले तिघे आधीच नंबर लावून बसले होते. नवरा सत्यवान सगळ्यांनाच मान डोलवत होता.

सुगंधानं नर्स आनंदीबाईंचा पदर धरला. "बाये, उलटी पोरां किती काढलास?"

"अकरा. त्यातला एक जगला नाय." आनंदीबाईंनी लपवलं नाही. "तुझां दुसरां बाळंतपण, जागा बरी आसा. पण डोक्यां अडाकला तर हय ऑपरेशन नाय."

सकाळपासून तिला मिळालेलं हे पहिलं पुरं उत्तर. कळ ओसरू देऊन ती म्हणाली, "मग हयच. जीप दारात ऱ्हवांदे. कळो मंदावल्यो तर मी घाट चढतंय."

"ठीक आहे. सही?" डॉक्टरही दमले होते.

कागदावर रेघ एकच: पती किंवा पालक. सुगंधानं हात पुढे केला. कागद तिच्या पोटावरून सत्यवानाकडे गेला. "आवशीक इचारतंय," म्हणत तो बाहेर आईकडे गेला.

बाहेर चर्चा रंगली, आत कळा. आनंदीबाई हात मागे बांधून उभ्या. "ओढूचा नाय. आपसूक येवंदे." आधी ढुंगण आलं, मग पाय, खांदे, आणि शेवटी, आनंदीबाईंच्या हाताच्या आधारानं, डोकं.

व्हरांड्यात नवा वाद: ढुंगणाकडून आलेली पायाळू धरायची का? कंबरवाल्यांनी निकालाशिवाय उठायला नकार दिला. तसंही त्यांना उठता येत नव्हतं.

दुपारी सत्यवान सही घेऊन आला. सिझरला संमती. डॉक्टरांनी ती फाईलला लावली.

सुगंधानं पाठकोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं: "मा. वैद्यकीय अधिकारी यांस, विनंती की, संमतीपत्रकात जिच्या पोटात मूल आहे तिच्या सहीकरिता अर्धी रेघ सोडावी. रेघ शिल्लक नसल्यास समासही चालेल."