धोंडबांना विचारा

मित्रांनो, मी एक जुनी टीप आहे, आणि ज्या संगणकात मी राहिले त्याने माझी दखल कधीच घेतली नाही. तो त्याचा दोष नव्हे. प्रोग्राममध्ये ज्या ओळीच्या सुरुवातीला दोन तिरक्या रेघा असतात, ती ओळ ओलांडून पुढे जायचे, असे त्याला शिकवलेले असते. अशा ओळी माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या असतात. मी त्यांतलीच एक. प्रोग्राम चालायला माझी गरज नव्हती. वाचणाऱ्याला थांबवायचे, एवढेच माझे काम होते.

माझा जन्म २०१४ च्या मे महिन्यात नागपूरच्या मनीषनगरात झाला. एका मेडिकल स्टोअरच्या वर दोन खोल्या होत्या. तिथे पाच माणसांची एक कंपनी रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवत असे. यंत्राने मोजलेला आकडा आमच्या सॉफ्टवेअरमध्ये येई आणि रिपोर्टवर छापला जाई. विदर्भातल्या चाळीसेक लॅब आमचे सॉफ्टवेअर वापरत होत्या.

मला लिहिणारी मयुरा. रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून ती या कामाकडे वळली होती. एका दुपारी भिवापूरच्या लॅबमधून फोन आला. बोलणारे होते तिथले तंत्रज्ञ धोंडबा.

"काहून वं बाई, तुमचं सॉफ्टवेअर आमच्या पेशंटले फसवून राहिलं?"

"काय झालं, काका?"

"तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट छापला तुम्ही. साडेपाच. एकदम नॉर्मल! अन् माणूस चक्कर येऊन पडला. बोटातलं रक्त तपासलं तं साखर चारशे."

"यंत्र बिघडलं असेल."

"यंत्र बरोबर आहे. पेशंट सिकलसेलचा आहे. मले समजते, तं तुमच्या सॉफ्टवेअरले काहून नाही समजत?"

मयुराने वही ओढली. "मलाही नाही समजत, काका. सांगा."

धोंडबांनी सांगितले ते असे. ही तपासणी रक्तातल्या तांबड्या पेशींवर चिकटलेली साखर मोजते. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण एकशेवीस दिवस जगते, आणि तेवढ्या दिवसांची साखर तिच्यावर साठत जाते. सिकलसेलच्या आजारात ती पेशी पंधरा-वीस दिवसांतच मोडते. साखर साठायला तिला वेळच मिळत नाही. त्यामुळे रक्तात साखर पुष्कळ असली तरी आकडा कमी येतो, आणि डॉक्टर औषध कमी करतात.

मयुराने त्याच दिवशी चार ओळी लिहिल्या. लॅबने शेऱ्याच्या चौकटीत 'सिकल' असे लिहिले असेल, तर तो आकडा छापायचा नाही; त्या जागी 'हा आकडा या रुग्णाला लागू नाही, डॉक्टरांशी बोला' असे छापायचे. त्या चार ओळींच्या डोक्यावर तिने मला बसवले. अक्षरे इंग्रजी, पण भाषा आपली: 'या चार ओळी बिनकामाच्या वाटतीन. काढू नका. काहून, ते भिवापूरच्या धोंडबांना विचारा.' पुढे त्यांचा फोन नंबर.

शेजारच्या टेबलावरचा साहिल, जो कंपनीचा मालकही होता, वाकून बघत म्हणाला, "अगं, कारणच लिही ना. फोन कशाला करायला लावतेस?"

"कारण लिहिलं तर वाचतील आणि विसरतील," मयुरा म्हणाली. "फोन केला तर लक्षात राहील."

मित्रांनो, तिचे म्हणणे अनेक वर्षे खरे ठरले.

कंपनीत नवीन माणूस आला की मयुरा त्याला पहिल्या दिवशी एक जुनी फाईल उघडून द्यायची. "यातलं नको असलेलं काढून टाक." तो बिचारा वाचत वाचत माझ्यापर्यंत येई आणि अडे. बाकीचे आपापल्या पडद्यांमागून त्याच्याकडे बघत असत. बुटीबोरीहून येणाऱ्या प्रीतमची आठवण मला स्पष्ट आहे. त्याने चार ओळी निवडल्या, बोट बटणावर ठेवले, मला पुन्हा वाचले, आणि कपाळाला आठ्या घालून फोन लावला.

"तांबडी पेशी किती दिवस जगते?" धोंडबांनी पलीकडून विचारले.

"माहीत नाही, काका."

"मंग कोड काहून लिहून राहिला गा? आधी पेशी समजून घे!"

खोलीत हशा पिकला. प्रीतमने अर्धा तास ऐकून घेतले. मग माझ्याखाली एक ओळ लिहिली: 'विचारलं. प्रीतम.' आणि तारीख. तेव्हापासून तो रिवाजच पडला. भूमिकाने लिहिले, मग कामिनीने, मग इतरांनी. एकूण नऊ नावे माझ्याखाली उभी राहिली. मला तेव्हा फार अभिमान वाटे. नऊ माणसे मला काढायला आली होती, आणि नवांनाही पेशी किती दिवस जगते ते पक्के कळले होते.

एकदा धोंडबा स्वतः नागपूरला आले. सोबत भिवापुरी मिरचीची पिशवी. "कोणती ती ओळ, जिच्यात माझं नाव आहे?" कामिनीने दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "इतकी बारीक? मले वाटलं, बोर्डावर लिहिलं असन." कामिनीने अक्षरे मोठी केली, पडदाभर. त्यांनी मला दोनदा वाचले आणि मिरचीची पिशवी कामिनीच्या टेबलावर ठेवली.

पुढे मयुरा पुण्याला गेली. कंपनी शहराबाहेरच्या मिहान या उद्योगनगरीत मोठ्या हॉलमध्ये आली आणि अठरा माणसे झाली. दोन वर्षांपूर्वी तिथे एआय एजंट आला. एजंट म्हणजे कोणी माणूस नव्हे. त्याला साध्या वाक्यात काम सांगायचे. तो सगळा प्रोग्राम वाचतो, हवे ते बदल लिहितो, ते चालतात का ते तपासतो, आणि शेवटी माणसाने 'मान्य' म्हणावे म्हणून थांबतो. मी त्याच्यावर खोटा आळ घेणार नाही. त्याचे काम नीटनेटके होते. पहिल्या आठवड्यात कामिनी आनंदाने ओरडली होती, "दोन दिवसांचं काम वीस मिनिटांत! प्रीतम, बघ तर!"

प्रीतमने बघितले. तो हसला नाही.

त्यानंतर हॉलमध्ये नवीन माणूस आला नाही. माझ्याखाली दहावे नाव कधी लिहिले गेले नाही. मग भूमिकाला साहिलच्या केबिनमध्ये बोलावणे आले, मग आणखी काहींना, मग प्रीतमला. सामान पिशवीत भरताना तो कामिनीला म्हणाला, "मशीनले चहा लागत नाही, सुटी लागत नाही. मी असतो तं मीही त्यालेच ठेवलं असतं."

शेवटी कोड बघणारी ती एकटी उरली. तिचे काम आता लिहिणे नव्हते. सकाळी ती येई तेव्हा एजंटने केलेले बदल रांगेत थांबलेले असत. ती वाचायची आणि 'मान्य' दाबायची. सुरुवातीला दिवसाला चार बदल असत, नंतर बारा, नंतर तीस. लॅब वाढल्या, मागण्या वाढल्या, आणि वाचणारे डोळे दोनच राहिले. महिनाभरात ती फक्त सारांश वाचू लागली. पुढे सारांशाचे पहिले वाक्य.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नोंदणीचा नवा फॉर्म आला. त्यात शेऱ्याची चौकट नव्हती; तिच्या जागी आजार निवडायची यादी होती. एजंटला सांगितले होते की जुन्या फॉर्मचे जे जे उरले असेल ते काढ. तो माझ्यापाशी आला. मित्रांनो, त्याने मला वाचले. माझी रोमन अक्षरांतली वऱ्हाडी त्याला नीट समजली. कारण माझ्यात लिहिलेले नव्हते आणि भिवापूरला फोन करणे त्याच्या हातात नव्हते. म्हणून त्याने सारांशात तेविसावा मुद्दा लिहिला: 'या चार ओळी जुन्या चौकटीवर अवलंबून आहेत, म्हणून काढत आहे. टिपेत धोंडबा यांना विचारण्यास सांगितले आहे. विचारले असल्यास मान्य करावे.'

त्या सकाळी रांगेत सदतीस बदल होते. अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी कामिनीने 'मान्य' दाबले. धोंडबांचा फोन त्या वेळी चालू होता.

काढलेल्या ओळी नष्ट होत नाहीत. जुन्या आवृत्त्यांचा एक साठा असतो, तिथे त्या तारखेसह पडून राहतात. मी आता तिथे आहे.

चौदा आठवड्यांनी कामिनीने साठ्यातले माझे पान उघडले. कानाला धोंडबांचा फोन होता. ते तीन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले होते. त्यांच्या शेजारच्या पंचफुलाबाई, वय पंचेचाळीस, सिकलसेल आणि साखर, दोन्ही. लॅबचा रिपोर्ट थेट त्यांच्या मोबाइलवर आला होता. आकडा चांगला होता, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या निम्म्या केल्या. मग पायाची जखम चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. दवाखान्यात भेटायला गेलेल्या धोंडबांनी तो रिपोर्ट मागून पाहिला होता.

"कोन्या नव्या पोरानं काढली वं ती ओळ?" ते विचारत होते. "मले फोनही नाही केला?"

पडद्यावर माझ्या शेजारी लिहिले होते: मान्य, कामिनी.

"मी काढली, काका."

"तू? तुले तं माहीत होतं. तुले मी स्वतः समजावलं होतं."

"मी वाचलं नाही, काका."

"वाचलं नाही म्हंजे?"

"म्हणजे... इतकं असतं की सगळं वाचून होत नाही."

धोंडबा रागावले नाहीत. त्यांना खरोखरच कळत नव्हते. "लिहिते मशीन. वाचत तुम्ही नाही. मंग सकाळपासून तिथं करता काय, पोरी?"

कामिनीने फोन ठेवला, एजंटला तो नियम परत बसवायला सांगितले आणि मग साहिलला बोलावले.

साहिल आला. तो वाईट माणूस नाही, हे मला सांगितले पाहिजे. बातमी ऐकून तो खुर्चीत बसला. मग त्याने विचारले, "दुरुस्त व्हायला किती वेळ लागेल?"

"झालं. नऊ मिनिटं लागली."

एजंटने नियम नव्या फॉर्ममधल्या यादीला जोडून परत बसवला. त्यावर नवी टीप लिहिली, स्वच्छ इंग्रजीत, संपूर्ण कारणासह. ती माझ्यापेक्षा चांगली आहे. पण तिच्यात कोणाचे नाव नाही, आणि ती वाचून कोणी कोणाला फोन करणार नाही.

चौदा आठवड्यांत त्रेसष्ट रुग्णांना असे रिपोर्ट गेले होते. कामिनीने सगळ्या लॅबना पत्रे पाठवली, जिथे फोन लागले तिथे फोन केले. सतरा रुग्णांपर्यंत निरोप पोचला. उरलेल्या शेहेचाळीस जणांचे काय झाले, ते कोणालाच माहीत नाही. त्यांच्या मोबाइलमध्ये तो चांगला आकडा अजून असेल.

माझे पान तिच्या दुसऱ्या पडद्यावर उघडेच राहिले होते, म्हणून पुढचे मला पाहता आले. दुसऱ्या दिवशी तिने ठरवले की प्रत्येक ओळ वाचायची. रांगेत एकेचाळीस बदल होते. संध्याकाळपर्यंत तीन झाले. त्यानंतरच्या दिवशी रांग अठ्ठ्याहत्तरवर गेली, आणि तिने डबा न उघडता चार वाचले. तिसऱ्या दिवशी साहिल तिच्या टेबलापाशी उभा राहिला.

"कामिनी, लॅबवाले सकाळपासून फोन करून राहिले. अकोल्याचे तर दुसरं सॉफ्टवेअर बघून आले."

"मला एक माणूस द्या, सर. फक्त वाचायला. प्रीतमला बोलवा."

"वाचायला माणूस?" तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "दुसऱ्या कंपन्या वाचत नाहीत. आपण वाचत बसलो तर सहा महिन्यांत बंद होऊ. मग तू पण नाही अन् मी पण नाही."

चौथ्या दिवशी रांगेत एकशे अठ्ठेचाळीस बदल होते. कामिनीने पहिला उघडला. त्यातल्या दहा ओळी वाचल्या असतील. मग तिने पान सरकवत शेवटापर्यंत नेले आणि 'मान्य' दाबले. दुसरा उघडला, दाबले. तिसऱ्यापासून तिने उघडणेही सोडले. तिचा चेहरा शांत होता, पण पंचफुलाबाईंची बातमी ऐकून वाटली नव्हती एवढी भीती मला तो बघून वाटली. जेवणाच्या सुटीपर्यंत रांग संपली होती. मग तिने दुसऱ्या पडद्यावरचे माझे पान बंद केले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू अशा वेळी जपून ठेवण्याची विनंती करतात. मला जपून ठेवलेलेच आहे, त्याचा उपयोग झाला नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या कामिनीच्या जागी बसाल. तुमच्यापुढेही रांग असेल, आणि ती वाचून संपणार नाही. तरी रोज त्यातला एक बदल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि कळला नाही तर ज्याला कळतो त्याला विचारा, तो माणूस आहे तोवर. कोणता वाचावा, हे मात्र मला सांगता येणार नाही. त्या सकाळी सदतीस होते, आणि सगळे सारखेच दिसत होते.